गोल गादीचा निर्णय

गाद्यांच्या त्या कारखान्यात बैठका गाद्यांवरच व्हायच्या. खुर्च्या होत्या, पण त्या पाहुण्यांसाठी. मालकांचं मत ठाम होतं, "गादी विकायची तर बूड गादीवर टेकलेलं पाहिजे. खुर्चीत बसलेल्या माणसाला खुर्चीचेच विचार सुचतात." त्यामुळे नमुन्यांच्या खोलीत भिंतीला लागून जाडजूड गाद्या, त्यांवर लोड, आणि लोडाला टेकून कंपनीचं भवितव्य, अशी मांडणी असायची.

मालकांचा दुसरा नियम असा, की कामावर ज्याचा डोळा लागेल त्याला नारळ. मांजराला दुधाच्या पातेल्यात बसवायचं आणि वर सांगायचं, जीभ बाहेर काढायची नाही, त्यातला हा प्रकार. गेल्या वर्षी एका पहारेकऱ्याची नोकरी गेली ती झोपल्यामुळे नाही, तर त्याची जांभई संशय येण्याइतकी लांबली म्हणून.

अशा या खोलीत टिपणबाई येऊन बसायला लागल्या. हे नाव कारखान्यानेच ठेवलेलं, कारण कोणी शिंकलं तरी बाई टिपून घ्यायच्या. बाई विद्यापीठातून आल्या होत्या. कंपन्यांची धोरणं पुस्तकात लिहिल्यासारखी ठरतात की प्रत्यक्षात काही भलतंच घडतं, यावर त्यांचा प्रबंध चालू होता. चालू होता म्हणजे गळका नळ चालू असतो तसा. थांबत नव्हता आणि बादलीही भरत नव्हती. पहिली कंपनी धोरण ठरवायच्या आधीच बुडाली. दुसऱ्या कंपनीतले सगळे निर्णय मालक आंघोळ करताना घ्यायचे, आणि तिथे निरीक्षणाची सोय नव्हती.

"ही शेवटची मुदतवाढ," गाइड सरांनी बजावलं होतं. "दोनच अटी. निर्णयाचा क्षण स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, आणि त्यात स्वतःचं नाक खुपसायचं नाही. यातली एक जरी मोडली तरी नोंदणी रद्द. मग घरी बसून कुकरच्या शिट्ट्यांचं निरीक्षण कर."

घरी आई होतीच. "एवढ्या वर्षांत तू स्वतःचा कारखाना काढला असतास," ती रोज म्हणायची, "आणि बंदही करून झाला असता."

शेवटी तो दिवस उगवला. पुढच्या वर्षी कोणती नवी गादी काढायची, हे ठरवायची मोठी बैठक. मालकांनी खुशीत सगळ्यांना जेवण दिलं, सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि मग मंडळी गाद्यांवर स्थिरावली. मालक, कापणी खात्याचे मास्तर, विक्रीसाहेब, आणि मालकांची मेहुणी, जी खरेदी बघायची म्हणून तिला सगळे खरेदीताई म्हणत. विक्रीसाहेबांनी आकडे वाचायला घेतले. त्यांचा आवाज असा, की तो बाटलीत भरून विकला असता तर औषधाच्या दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळाला नसता. वर पंखा, खाली फोम. बाईंनी ठरवलं, आधी एक डोळा मिटू, मग दुसरा. थोड्या वेळाने दोन्ही डोळ्यांची पाळी एकदमच आली.

जाग आली ती मालकांच्या आवाजाने. "मग ठरलं तर! लागा कामाला!"

"ठरलं, ठरलं," सगळे म्हणाले आणि झटकन उठले. बैठकीतून माणसं इतकी ताजीतवानी बाहेर पडताना बाईंनी कधी पाहिली नव्हती. मास्तरांच्या गालावर गादीच्या शिवणीचा लालभडक ठसा होता, पण तो बघायला बाई भानावर कुठे होत्या? निर्णयाचा क्षण आला, गेला, आणि आपण घोरत होतो!

दुसऱ्या दिवशी बाई सरळ मास्तरांकडे गेल्या. काय ठरलं, असं विचारायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी पुस्तकी युक्ती केली.

"मास्तर, कालच्या निर्णयातलं सगळ्यात अवघड काम तुम्हाला कोणतं वाटतं?"

मास्तरांची कात्री हवेतच थांबली. विक्रीसाहेबांच्या दुसऱ्या आकड्यानंतरचं त्यांना काहीही आठवत नव्हतं. पण एक उत्तर त्यांना आयुष्यात कधी दगा देऊन गेलं नव्हतं.

"कोपरे," ते म्हणाले.

"कोपरे?"

"कोपरेच हो, बाई. कोपऱ्यांनीच मारलंय आपल्याला."

म्हणजे निर्णय कोपऱ्यांचा होता! बाई लगबगीने विक्रीसाहेबांकडे गेल्या. "साहेब, कोपऱ्यांच्या बाबतीत गिऱ्हाईक काय म्हणेल?"

विक्रीसाहेब स्वतःचेच आकडे वाचता वाचता झोपले होते. पण विक्रीत आयुष्य काढलेला माणूस, ठाऊक नसलेल्या विषयावर तो जास्तच खुलतो. "मास्तर काय म्हणाले?" त्यांनी अंदाज घेतला.

"म्हणाले, कोपऱ्यांनीच मारलंय."

"मारलंयच! मी घसा फोडून तेच सांगतोय. मला सांगा, कोपऱ्यात कोण झोपतं? डोकं मधे, पाय मधे. कोपरे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. गेलेच पाहिजेत कोपरे!"

बाई खरेदीताईंकडे पोचल्या. "ताई, कोपरे गेल्यावर कापड वाचेल ना?"

"कोपरे गेले?"

"काल ठरलं ना बैठकीत."

"हो हो, ठरलं तर! मी होते की तिथे, टक्क जागी." ताईंनी घाईघाईने हिशोब जुळवला. चौकोनाचे कोपरे काढले की उरतं काय? "म्हणजे गोल गादी. वाचेल ना कापड. का नाही वाचणार?"

ताईंनी लगेच मास्तरांना निरोप धाडला, भावजींचा हुकूम आहे, गोल कापायला घ्या. काय ठरलं ते कळल्यावर मास्तरांच्या जिवात जीव आला. इतका, की हे अशक्य आहे असं एरवी प्रत्येक कामाला म्हणणाऱ्या मास्तरांनी संध्याकाळपर्यंत पहिली गोल गादी उभी केली. मालक फेरीवर आले. गादीसमोर थबकले. डोकं खाजवलं. बैठकीत आपला डोळा लागला होता हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ते जगात दुसऱ्या कोणाला कळू द्यायचं नाही हेही पक्कं होतं. आपण झोपण्याआधी हे बोललो असणार, किंवा झोपेत.

"हं," ते म्हणाले. "अगदी मनात होती तशीच झालीय. काढा हजारभर."

बाईंनी प्रबंधात 'निर्णयाचा क्षण' हे प्रकरण लिहून टाकलं. त्या दिवशी आईसमोर त्या पहिल्यांदाच मान वर करून जेवल्या.

गोल गाद्या बाजारात गेल्या आणि ज्या वेगाने गेल्या त्याच्या दुप्पट वेगाने परत यायला लागल्या. चादर बसेना. उंच माणसाचे पाय बाहेर, नाहीतर डोकं बाहेर, काय बाहेर ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. एका जोडप्याची तक्रार होती, की भांडण झाल्यावर तोंड फिरवून कडेला जावं तर कडच सापडत नाही. पलंगाच्या चार कोपऱ्यांत रिकामी जागा राहते ही एकच गोष्ट एका आजींना आवडली होती. तिथे त्या तांब्या, चष्मा, कवळी आणि मांजर ठेवायच्या. पण एका आजीवर कंपनी चालत नाही.

मालकांनी सगळ्यांना नमुन्यांच्या खोलीत बोलावलं. या वेळी कोणी लोडाला टेकलं नाही.

"ही अक्कल कोणाची?" मालक गरजले.

"निर्णय सगळ्यांचा होता," विक्रीसाहेब पुटपुटले. "म्हणजे माझा सोडून सगळ्यांचा."

"भावजी, तुम्हीच तर म्हणालात, ठरलं म्हणून!" खरेदीताई म्हणाल्या.

"मी ठरलं म्हणालो. काय ठरलं ते मी म्हणालो का?" मालकांनी आजूबाजूला पाहिलं. अशा वेळी ज्याच्या हातात हत्यार सापडतं तोच गुन्हेगार. "कापल्या कोणी? मास्तरांनी. तर मास्तर, उद्यापासून..."

बाईंचं पेन थांबलं. डोक्यात लख्ख उजेड पडला. मास्तर नुसतं कोपरे म्हणाले. ते काढायचे असं विक्रीसाहेब म्हणाले, पण मी विचारल्यावर. गोल हा शब्द ताईंच्या तोंडी आला, पण मी विचारल्यावर. म्हणजे या कंपनीच्या धोरणात मी नाक खुपसलं नाही, मी ते नाकानेच लिहिलं! आता तोंड उघडलं तर पदवी गेली. नाही उघडलं तर मास्तर गेले. मास्तरांचा चेहरा कापूस काढलेल्या उशीसारखा झाला होता.

बाई उठून उभ्या राहिल्या. "मालक, खरं सांगायचं तर..."

"गेली! गेली!" बाहेर टेम्पोवाला किंचाळला.

परत आलेला माल उतरवताना त्याने गाद्या आडव्या रचण्याऐवजी फाटकाशी उभ्या करून ठेवल्या होत्या. चौकोनी गाद्या जन्मभर तशाच उभ्या राहिल्या होत्या, त्या बिचाऱ्याला काय कल्पना! फाटकाबाहेर उतार. एक गादी निघाली, तिला बघून दुसरी निघाली. मालक, मास्तर, विक्रीसाहेब, खरेदीताई आणि मागून टिपणबाई, अशी सगळी कंपनी पहिल्यांदाच एका दिशेने धावली. पहिली गादी केशकर्तनालयाच्या दारावरून गेली, तेव्हा एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलं आणि उरलेली अर्धी विसरून बघत राहिलं. दुसरीने एका सायकलवाल्याला कडेवर घेतलं आणि पुढच्या वळणावर अलगद खाली ठेवलं. उताराच्या तळाशी कुत्र्यांचं वसतिगृह होतं, म्हणजे कुत्री पाळणारे गावाला गेले की ती ठेवायची जागा. त्याच्या अंगणात पहिली गादी दोन गिरक्या घेऊन आडवी झाली.

अंगणात वासराएवढा एक कुत्रा होता. तो गादीवर चढला, स्वतःभोवती तीन चकरा मारल्या, शेपटी नाकावर घेतली आणि गादीच्या आकाराचा होऊन झोपला.

वसतिगृहवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! हा माझ्या सोफ्याशिवाय कशावर झोपला नाही हो आजवर! कुत्रा गोल झोपतो, आणि इतकी वर्षं सगळे गादीवाले चौकोन शिवत बसलेत. तुम्हाला हे सुचलं कसं?"

विक्रीसाहेबांना धाप लागली होती, पण धाप लागलेला विक्रीवाला गप्प असतो असं थोडंच आहे. "अभ्यास, ताई," ते म्हणाले. "फार खोल अभ्यास."

वसतिगृहवाल्या बाईंच्या अशा जागा बऱ्याच गावांत होत्या. परत आलेल्या सगळ्या गाद्या त्यांनी उचलल्या आणि आणखी तेवढ्याच सांगितल्या. कारखान्यात वातावरणच पालटलं. ज्या निर्णयाला कालपर्यंत बाप नव्हता त्याला आज चार बाप झाले, त्यातली एक मावशी. मास्तरांना आपणच तो बैठकीत मांडल्याचं स्पष्ट आठवायला लागलं. "मी हाताने गोल काढून दाखवला होता," ताई शपथेवर सांगू लागल्या. मालकांना तर लहानपणापासूनच गोलाची ओढ होती.

मास्तरांची नोकरी वाचली, पण बाईंची झोप उडाली. एवढं धादांत खोटं प्रबंधात ठेवायला मन धजेना. पदवी जायची तर जाऊ दे, असं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "त्या बैठकीत मी झोपले होते. मला वाटतं, तुम्हीही झोपला होतात. गोल गादी कोणीच ठरवली नाही. ती माझ्या प्रश्नांतून निघाली."

खोलीत सुई पडली असती तरी ऐकू आलं असतं, आणि गाद्यांच्या कारखान्यात सुया पडतच असतात.

"झोपलो होतो? आम्ही?" मालक लालबुंद झाले. "माझ्या बैठकीत?"

"श्रेय लाटायला निघाल्या बाई!" विक्रीसाहेब ओरडले.

"मास्तरांनी रक्त आटवून आकार शोधला," ताई म्हणाल्या, "आणि म्हणे प्रश्नांतून निघाला! लाज वाटली पाहिजे."

"तुमच्या सरांनाच विचारतो," म्हणत मालकांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. "अहो सर, ही तुमची विद्यार्थिनी म्हणते, आमचा निर्णय तिने घेतला!"

पलीकडून गाइड सरांचा आवाज बर्फासारखा आला. "काय? तिने नाक खुपसलं?"

"छे छे! काडीचा संबंध नाही तिचा! बसल्या जागेवरून एक अक्षर बोलली नाही."

"हे तुम्ही ठामपणे सांगू शकता?"

"मी काय, आम्ही चौघंही सांगतो. हवं तर लिहून देतो."

"बरं. पण मग ती नीट बघत होती का? की नुसतीच..."

"बघत होती का? अहो, डोळ्यांची पापणी लवत नव्हती तिची! आम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

"आम्ही पाहिलंय!" तिघांनी एका सुरात साक्ष दिली. मास्तरांनी तर छातीवर हात ठेवला.

"कमाल आहे," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क भरून आला होता. "इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ निरीक्षण माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलं नाही. चार चार साक्षीदार! पदवी झाली म्हणून समज."

"पण सर," बाई फोनकडे वाकल्या, "मी खरंच..."

"तू गप्प बस!" सर कडाडले. "निरीक्षकाने मधे बोलायचं नसतं, कितीदा सांगायचं?"