पाच ठिपक्यांचा मार्का

जुन्नरचे रशीदभाई पेंटर स्वतः काढलेलं चित्र आधी जमिनीवर टाकत आणि चपलेसकट त्यावरून चालत. मग ते मळकं चित्र उलटं धरून गिऱ्हाईकाला म्हणत, "आता वळखा!" गिऱ्हाईक अडखळलं की चित्र फाडून टाकत.

कांद्याच्या गोण्यांसाठी मार्का काढून देणं हा त्यांचा धंदा. त्यातलं त्यांचं एकच म्हणणं: "हमाल वाचत नाय, भाऊ. हमाल लांबनं बघतो."

नव्वदच्या दशकात मी त्यांच्याकडे गेलो तो वैतागून. वडिलांच्या मागे आमची शेती आईनं उभी केली. कांदा असा निवडायची की गोणीत वर जो दिसेल तोच तळाला. पण मंचरच्या बाजारात आमच्या गोण्या दुसऱ्यांच्या थप्पीत मिसळायच्या आणि तिच्या मालाचं कौतुक भलत्याच्याच वाट्याला जायचं. हे मला सहन होईना. मी रशीदभाईंना मार्का सांगितला: मागे शिवनेरी, वर सूर्य, खाली बैलजोडी आणि मध्ये वडिलांचं संपूर्ण नाव.

"गोणी हाय का लग्नाची पत्रिका?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच ओतूरला आमच्या घरी आले. चित्राचा विषयही नाही. जेवायला बसले आणि वाढणाऱ्या आईच्या मनगटावरचं गोंदण बघत राहिले. चार कोपऱ्यांत चार ठिपके, मध्ये एक.

"मावशी, ह्यो मार्का मला द्या. कसाबी फिरवा, तसाच दिसतुया."

"अरं, माझा हात काय गोणीवर छापतोस?" आई लाजली.

"मग कांदा कुणाच्या हातचा हाय?"

लालभडक पाच ठिपके गोण्यांवर उमटले. त्याच हंगामात त्या ठिपक्यांची गोष्ट बाजारभर झाली आणि आमची गाडी दिसली की हमाल ओरडू लागले, "आईचा माल आला रं!" माझी छाती तेव्हा फुगली, ती अजून उतरलेली नाही.

पुढे मार्के तेच राहिले, पण पिशव्या कारखान्यातून छापून येऊ लागल्या. रशीदभाईंचं काम थांबलं. तरी दर बाजाराला ते मंचरला चहाच्या टपरीवर बसलेले असत. एकदा मी विचारलं, "हितं काय काम काढलं?"

"काम कसलं, भाऊ? घरात बोलायला कोण नाय." त्यांनी समोरच्या गाड्यांवरच्या पिशव्या दाखवल्या. "हितं सगळी माझ्या वळखीची येत्यात."

तेवढ्यात आमची गाडी आत वळली. तिच्यात ड्रायव्हर आणि पाच ठिपक्यांच्या पिशव्या, एवढंच होतं. रशीदभाई टोपी सारखी करून उठले आणि टपरीवाल्याला म्हणाले, "चहा टाक. घरची मान्सं आली."