यादोरावांची मोटार पटात उतरते

"बैलं पाहाले बरे असतात, धावाले नाही. यंदाच्या शंकरपटात माझी मोटार उतरंल. शालीकरामची जोडी अर्ध्या वाटंत राहील, अन् मी तिकडं उतरून पान खात बसंन."

असं यादोरावांनी चिचगडच्या भर बाजारात, पानठेल्यासमोर उभं राहून जाहीर केलं. बैलजोड्यांच्या शर्यतीत मोटार! लोक हसले. हसणाऱ्यांचं यादोरावांना नेहमीच वाईट वाटायचं. या मुलखात यंत्राची कदर नाही, हे त्यांचं कायमचं दुखणं.

दिवस लढाईचे होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, तेही नावापुरतं. बाकीचे मोटारवाले गाडीच्या मागे कोळशाची भट्टी बांधून धूर सोडत फिरायचे. यादोरावांना ते बघवत नसे. "ही मोटार हाये का लोहाराचं दुकान?" म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक युक्ती काढली. गाडीला दोन टाक्या. लहान टाकीतल्या घोटभर पेट्रोलवर इंजिन सुरू करायचं, मग तोटी फिरवायची आणि पुढचा सगळा प्रवास मोहाच्या दारूवर!

दारू धुरपताबाईच्या भट्टीची. ठेका सरकारमान्य, बाई देवभोळी. यादोरावांनी जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं, पण पहिल्या दिवशी त्यांनी बशीत ओतून काडी लावली. निळी ज्योत उठली. आणि त्या दिवशी मोटार अशी सुटली, की त्यांची टोपी बाजारातच राहिली.

एवढ्यावर थांबले असते, तर ते यादोराव कसले? मोटारीला तीन मोठे दिवे हवे, विजेचा भोंगा हवा, त्यासाठी जाड बॅटरी हवी. त्यापायी त्यांनी बायकोच्या, निर्मलाबाईंच्या, माहेरहून आलेली लाख्या-चांद्याची बैलजोडी विकली. घेतली कोणी? शालीकरामनं. आणि आता तो तीच जोडी पटात उतरवणार होता.

निर्मलाबाईंनी भांडण केलं नाही, हेच वाईट. त्या एवढंच म्हणाल्या, "पट दिवसा होते. दिवे कायले?"

"रुबाबाले."

"बरं. जिंकले तं मी बैलाचं नाव काढणार नाही. हरले तं मोटार इकायची अन् माझी जोडी घरी आणायची. देवासमोर म्हणा."

यादोरावांनी देवासमोर म्हटलं. हरण्याचा सवालच कुठे होता?

दुसऱ्या आठवड्यात मोटार बिघडली. पेट्रोलवर गुमान सुरू व्हायची, तोटी फिरवली की ठसके द्यायची. दारूवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं, ती स्वतः काडी लावून पारखलेली. मग दोष विजेचा. गोंदियाहून गोपीचंद मिस्त्री बोलावला. त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ मान हलवली.

"बाबूजी, तीन बत्ती, एक भोंगा, और बैटरी एक ही? करंट बँट जाता है."

दुसरी बॅटरी आली. मोटार अजून जोरात ठसकली. मग तारा बदलल्या, प्लग बदलले. भोंगा आता दूरच्या कोहमारा गावापर्यंत ऐकू जाईलसा वाजू लागला, दिवे भर दुपारी डोळे दिपवू लागले, आणि मोटार चढावर गप्प बसू लागली. गोपीचंद म्हणाला, "बिजली तो एकदम फर्स्ट क्लास है, बाबूजी." यादोरावांना त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटला.

या सगळ्या त्रासात एकटी धुरपताबाई तेवढी आपुलकीनं विचारायची. यादोराव डबा भरायला गेले, की पहिला प्रश्न तोच.

"काल कशी होती जी मालक, गाडी?"

"कशाची कशी? ठसकून राहिली ना बाई."

"अगो माय. पोटात जळजळ होत असंल. बराबर करून देतो." आणि ती डबा घेऊन आत जायची.

पुढच्या खेपेला पुन्हा, "आता कशी हाये?"

"आंग तापून राहिलं तिचं. चढावर मान टाकते."

"बिचारी. नवीनच हाये ना अजून. देतो, देतो, बराबर करून देतो."

सबंध गावात एवढी समज फक्त या बाईला आहे, असं यादोरावांनी घरी येऊन सांगितलं. निर्मलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून बाहेर फेकला.

पटाच्या सकाळी यादोराव ताजा डबा घेऊन आले. धुरपताबाईनं भट्टीपुढं देवाचं नाव घेऊन चार थेंब भुईवर टाकले होते आणि "आज काही तरास होणार नाही तिले" असा भरवसा दिला होता. तिकडे धान कापून मोकळ्या झालेल्या शेतांत माणूस मावत नव्हता. एका बाजूला शालीकरामचा छकडा, त्याला लाख्या-चांद्या. दुसऱ्या बाजूला मोटार, तिन्ही दिवे लावून. लाख्यानं यादोरावांकडे पाहून ओळखीनं कान हलवले. यादोरावांनी तोंड फिरवलं.

झेंडी पडली. मोटार पेट्रोलवर अशी उसळली, की बैल मागेच राहिले. लोक ओरडले. यादोरावांचं ऊर भरून आलं. त्यांनी ऐटीत तोटी फिरवली, भोंग्याचं बटन दाबलं आणि मोटार बंद पडली.

भोंगा मात्र बंद पडला नाही. बटन अडकलं होतं, आणि बॅटऱ्या दोन होत्या. शेजारून लाख्या-चांद्या धुरळा उडवत निघून गेले. यादोराव स्टेअरिंग धरून बसले होते, मागे भोंगा बोंबलत होता, पुढे तीन दिवे जळत होते, आणि सारा पट पोट धरून हसत होता. "विजेत काही खोट नाही, बाबूजी," असं गोपीचंद काठावरून ओरडला, तेही हिंदी सोडून मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून.

शेवटी शालीकरामनंच जोडी सोडली आणि दोरानं मोटारीला बांधली. "चला, पोचवून देतो जी." पोचवायची गरजच पडली नाही. बैलांना वाट ठाऊक होती. ते थेट यादोरावांच्या आवारात शिरले आणि आपल्या जुन्या गोठ्यापुढं उभे राहिले. निर्मलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी लाख्याचे पाय धुतले, मग चांद्याचे. नवऱ्याला म्हणाल्या, "मोटारीले गिऱ्हाईक पाहा आता."

"ही मोटारीची हार नाही," यादोराव संतापून म्हणाले. "ही दगाबाजी हाये. कोणाची, ते मी शोधून काढंन."

तेवढ्यात धुरपताबाई ताकाचा लोटा घेऊन लगबगीनं आवारात आली. मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून तिनं ताप पाहिला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मालक, नव्या पिणाऱ्याले कडक देत नाही आमी. पडला झडला तं भट्टीचं नाव जाते. रोज थोडं थोडं पाणी वाढवून देत होतो. आज तं नुसती वासापुरतीच घातलो होतो जी. तेवढीही झेपली नाही का तिले?"