एकशे एकोणसत्तरावा भागाकार

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, डोंगरे काकाजींना नमस्कार केलात, तर ते आधी तुमच्या गाडीची नंबरप्लेट पाहतात. "तेरानं जाते," असा निकाल देतात, म्हणजे तुमच्या नंबराला तेरानं पूर्ण भाग जातो. नमस्काराचं उत्तर त्यानंतर.

काकाजी रायपूरच्या रेल्वे यार्डात वॅगनचे नंबर उतरवून घेता घेता निवृत्त झाले. नंबर अकरा अंकी, आणि शेवटचा अंक आधीचे दहा बरोबर आहेत की नाही ते सांगणारा. सिलतऱ्याच्या कारखान्यांचं एवढं लोखंड डोळ्यांसमोरून गेलं, पण यांना दिसले फक्त आकडे. "तपासल्याशिवाय खरं मानाचं नाही," हे त्यांचं ब्रीद. लग्नाची पत्रिका आली, की तारीख आणि वार कॅलेंडरात जुळवून मगच अभिनंदन करतात.

सगळे नंबर त्यांच्या लेखी दोन जातींचे. एक फुटणारे, म्हणजे सामान्य. दुसरे मूळ, ज्यांना एक आणि स्वतः सोडून कोणीच भागू शकत नाही. खूप खटपट करून मी स्कूटरला ११११ नंबर मिळवला आणि पेढे वाटले. पेढा तोंडात ठेवून काकाजी म्हणाले, "अकरानं जाते. अकरा गुणिले एकशे एक. काहून इतकी धावपळ केली?" तो पेढा मला अजून पचलेला नाही.

त्यांच्या घरात मात्र एक मूळ संख्या होती म्हणे. काकूंच्या शिलाई मशीनचा नंबर, १०२२११७. काकूंना जाऊन चार वर्षं झाली, तरी मशीन बैठकीच्या दारातच, पाहुण्यांचे गुडघे फोडत उभं. विका, विका म्हणून मुलगा थकला.

सुडाची संधी मी सोडतो होय? लेकीला तो नंबर फोनवर तपासायला लावला. "बाबा, ये तो कट जाता है," ती म्हणाली. "एक हज़ार नौ इंटू एक हज़ार तेरह."

ते दोन्ही आकडे चिठ्ठीवर उतरवून, ती खिशात घालून मी काकाजींकडे गेलो. "मशीनचा नंबर पुरता तपासला होता ना?"

काकाजींनी फडक्यानं मशीन पुसलं. "खडखडीनं डोकं उठे माह्यं. विकाले निघालो होतो. तुमची काकू म्हणे, याचा नंबर फोडून दाखवा, मंग विका. ती शिवून राहिली, मी भागून राहिलो. रोज एक. दोनापासून एकेक मूळ संख्या घेऊन एक हजार नऊपर्यंत जा लागते. एकशे अडुसष्ट भागाकार झाले, अन् ती गेली. शेवटचा राहिला."

"मग केला का नाही?"

"फुटला तर विका लागन ना. शब्द देला आहे." स्वच्छच असलेलं मशीन त्यांनी पुन्हा पुसलं. "तुम्ही पाहिला काय भागून?"

मला माझीच लाज वाटली. खिशातली चिठ्ठी मी मुठीत चुरगळली. "पाहिला," म्हणालो. "नाही जात."

काकाजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. वही शेजारीच होती, पेन्सिलही होती. त्यांनी तपासलं नाही.