हृदयातल्या पाट्या

ला प्लाता शहरातल्या डॉ. नेलिदा एचागुए यांनी मार्च महिन्यात संशोधनाच्या परवान्यासाठी रीतसर अर्ज केला. विषय : हृदयाच्या स्नायूपेशींतील फॉस्फोलिपिडांद्वारे होणारे संदेशवहन. पेशीच्या आवरणातला एक स्निग्ध रेणू दुभंगतो, एक तुकडा निरोप घेऊन आत धावतो, दुसरा आवरणातच बसून हुकूम सोडतो. असे हुकूम अति झाले की हृदय जाडावतं. ते कसं थोपवावं, हे बाई तीन वर्षं शोधत होत्या.

दुर्दैवाने तिथल्या स्पॅनिशमध्ये संदेशवहनाला जो शब्द आहे, सेन्यालिसासिओन, तोच रस्त्यावर पाट्या लावण्यालाही आहे. आवक कारकुनाने तेवढाच शब्द वाचला आणि अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे वाहतूक फलक विभागाकडे, पुढील कार्यवाहीस्तव रवाना केला.

तिथून बोलावणं आलं तेव्हा बाईंचा जीव टांगणीला लागला होता. परदेशातून मागवलेली फॉस्फोलिपिडची कुपी परवान्याअभावी विमानतळावर कोरड्या बर्फात पडून होती. शुक्रवारनंतर बर्फ संपणार, कुपी नासणार आणि तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

विभागप्रमुख बाल्दोमेरो इतुर्बे येर्बाचा कडू चहा नळीने ओढत बसले होते.

"बोला डॉक्टरबाई. पाट्या किती?"

"पाट्या नाहीत साहेब, रेणू आहेत. एका पेशीत लाखो."

"लाखो." त्यांनी लिहून घेतलं. "जमिनीपासून उंची?"

"जमीन कुठली? हृदय आहे. उंदराचं."

"म्हणजे ग्रामीण भाग. वाहनं कुठली धावतात?"

"कॅल्शियम," बाई थकून म्हणाल्या.

"अवजड की हलकं?"

इतुर्बे मनाने वाईट नव्हते. घोटाळा कुठे झाला ते त्यांना थोड्या वेळाने उमगलंही. पण अर्ज रद्द करून योग्य विभागाकडे वळवायचा, तर नियमाप्रमाणे अकरा महिने लागत होते.

"त्यापेक्षा असं करू," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पाट्या लागल्या, असं लिहून द्या. काम पूर्ण दाखवलं की देखभालीसाठी रंग मागवायचा परवाना त्याच दिवशी मिळतो. तुमची कुपी रंगात बसवतो."

"अहो, पण तो रंग नाहीये."

"स्निग्ध आहे असं अर्जात लिहिलंत ना? मग ऑइल पेंट. करा सही."

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. गुरुवार होता. त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी गार कुपी हातात आली, तेव्हा आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

सोमवारी आदेश आला. 'हृदयातील फलक-उभारणीचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले असल्याने सदर विषयावर अधिक संशोधनाचे प्रयोजन उरत नाही. सबब प्रयोगशाळा रिकामी करून शिल्लक खांबांच्या साठवणीस्तव या विभागाच्या ताब्यात द्यावी.' पाठोपाठ खांबांचा ट्रकही आला.

बाई तावातावाने कचेरीत गेल्या. "साहेब, हे सगळं धादांत खोटं आहे."

इतुर्बेंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सही तुमचीच ना, बाई?"

बाई शरमेने आल्या पावली परतल्या. त्यांना इतक्यात नावं ठेवू नका. गुरुवारी इतुर्बेंनी सही मागितली, तेव्हा 'करा सही आणि व्हा मोकळ्या' असं तुम्हीही मनातल्या मनात म्हणालाच होतात.