नेटवरचा आहेर

पर्वत पाटियाच्या चौकात वाल्मिक पाटलांचं ‘भागीरथी सारीज’ हे दुकान अस्तित्वात होतं, याबद्दल परिसरात कोणतेही मतभेद नव्हते. खानदेशातून सुरतेत आलेल्या निम्म्या घरांचा लग्नाचा बस्ता तिथेच बांधला जाई. इंटरनेटवर मात्र हे दुकान अकराव्या पानावर होतं, आणि अकराव्या पानावर असणं म्हणजे नसणंच, असं सध्याचं शास्त्र सांगतं. ज्या आयांनी वाल्मिककडे बस्ता बांधला, त्यांच्या पोरी आता साडीचं दुकान फोनला विचारू लागल्या होत्या. गेली लग्नसराई कोरडी गेली. ही सराईही तशीच गेली तर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देईन, असं मालकाने तोंडावर सांगितलं होतं. आईच्या नावाच्या पाटीखाली लटकलेली कव्हरं वाल्मिकला ताटात दिसायला लागली. जेवण जाईना.

म्हणून त्याने चंचलला बोलावलं. चंचल ही कोसाडच्या एका लूम कामगाराची मुलगी, शिकून ‘डिजिटल प्रतिष्ठा सल्लागार’ झालेली.

“काका, सर्च इंजिन साडी बघतच नाही,” ती म्हणाली. “तुमच्याकडे बोट कोण दाखवतं, ते बघतं. दुसऱ्यांच्या साइटवर तुमच्या दुकानाची लिंक पाहिजे. जितक्या जास्त लिंका, तितके तुम्ही वर.”

“म्हणजे ओळख लागते.”

“बरोबर. ती विकत मिळते.”

“आणि चालतं ते?”

“ना काका, सक्त मनाई छे. म्हणून तर जोखीम व्यवस्थापन.”

जोखीम व्यवस्थापनाचं धोरण असं, की विकत घेतलेली शिफारस विकत घेतल्यासारखी दिसता कामा नये. सगळेच साडीवाले कौतुक करायला लागले तर संशय येतो. कौतुक अशा माणसाने करावं, ज्याचा साडीशी सुतराम संबंध नाही, पण बिचाऱ्याला राहवलंच नाही. त्यानुसार बोअरवेलच्या एका साइटवर लेख झळकला: ‘पाणी लागताच घरधन्याच्या मनात पहिला विचार साडीचा येतो.’ दातांच्या एका दवाखान्याने रुग्णांना सूचना केली, की अक्कलदाढ काढल्यावर मऊ पोताचीच साडी नेसावी. मांजरांच्या जंतांना वाहिलेल्या साइटनेही भागीरथी सारीजचं नाव आदराने घेतलं. दुकान सरकत सरकत तिसऱ्या पानावर आलं आणि वाल्मिकला पुन्हा दोन घास जायला लागले.

आता त्याची बायको सुषमा अस्वस्थ झाली. कुणी आपल्याकडे आहेर केला, की त्याच्या घरच्या कार्यात तो फेडायचा, आणि जरा वरचढच फेडायचा, हे तिच्या रक्तात होतं.

“दातांच्या डॉक्टरांनी आपलं नाव घेतलं आणि आपण गप्प? काय म्हणतील ते?”

“अगं, पैसे दिलेत आपण.”

“पैसे वेगळे, मानपान वेगळा.”

साइटवर साड्यांचे फोटो तीच चढवायची. एकेका साडीखाली एकेका साइटची लिंक जोडून तिने आहेर फेडायला घेतला. पैठणीखाली लिहिलं, ‘बोअर मारायची तर यांच्याकडेच जा.’ शालूखाली लिहिलं, ‘मांजराला जंत झाल्यास इथे विचारावे.’ एकालाही सुटू दिलं नाही बाईने!

आणि दुकान नाहीसं झालं. परत अकराव्या पानावर गेलं असतं तरी चाललं असतं, पण ते कुठेच नव्हतं. वाल्मिकने स्वतःच्या दुकानाचं पूर्ण नाव टाकून पाहिलं, तेव्हा सर्च इंजिनने त्याला भागीरथी नदी कुठे उगम पावते ते सांगितलं.

चंचलने कपाळावर हात मारला. “आहेर? अरे बाप रे, काका! ते तुमचं नाव घेणार, तुम्ही त्यांचं घेणार, म्हणजे साटंलोटं उघडंच पडलं ना! नेटवर आहेर घ्यायचा आणि ओळख दाखवायची नाही.”

यावर उपाय एकच होता. साइटवरचे सुषमाचे आहेर उतरवायचे आणि सर्च इंजिनला लेखी कळवायचं, की या या मंडळींनी माझं नाव घेतलं असलं तरी माझा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. चंचल त्या यादीत एकेक नाव टाकत गेली आणि खानदेशी समाज मंडळापाशी आली. मंडळाचे अध्यक्ष रघुनाथअण्णा. सामूहिक विवाहात वाल्मिकने नवरीमुलींना साड्या दिल्या, म्हणून अण्णांनी मंडळाच्या साइटवर दुकानाची लिंक आपणहून टाकली होती.

“हे राहू दे,” वाल्मिक म्हणाला. “अण्णांनी फुकट दिलंय.”

“फुकट? मग तर सगळ्यात संशयास्पद, काका! धोरण सांगतं, संबंध शून्य तर जोखीम शून्य.”

‘नको’ म्हणायला वाल्मिकने तोंड उघडलं. पण गाळ्याचा मालक डोळ्यांसमोर आला आणि त्याने होकाराची मान हलवली.

ही गोष्ट सर्च इंजिनशिवाय कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. पण संबंध तोडायचे तर सांगून तोडावेत, ही सुषमाच्या माहेरची रीत. तिने झाडून सगळ्यांना व्हॉट्सअॅप केला: ‘आजपासून आपला आमचा काही संबंध नाही. कळावे, लोभ असावा.’ बोअरवेलवाल्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. अण्णा मात्र स्वतः आले.

“वाल्मिक, आम्ही तुनं काय वाकडं करं रे भो?”

“अण्णा, तो तांत्रिक संबंध होता. मनातला थोडाच तोडलाय?”

“मनम्हानं कोण वाचस? लोके लिखेल वाचतस.”

अण्णा पाणीही न पिता गेले. वाल्मिकला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी त्याने गिऱ्हाइकाकडेही मान वर करून पाहिलं नाही.

धोरण मात्र यशस्वी झालं; कुणाशीच संबंध नसलेलं इतकं निष्कलंक दुकान सर्च इंजिनला दुसरं सापडलं नाही. लग्नसराईच्या तोंडावर भागीरथी सारीज पहिल्या पानावर, सगळ्यात वर आलं. चंचलने पेढे वाटले. आणि खरोखरच हजीऱ्याहून एका लीलाबाईंचा फोन आला.

“दोन्ही मुलींची लग्नं एकाच मांडवात आहेत. सगळा बस्ता एकाच दुकानातून घ्यायचाय. नेटवर तुमचंच नाव पहिलं आलं.”

एवढ्या एका बस्त्यात सराई निघाली असती, गाळा वाचला असता.

“या ना ताई, आजच या!”

“येतो. पण नेटवर काय हो, पैसे देऊन कुणीही वर येतं म्हणे. तुमच्या समाजात तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का? एक शब्द विचारला म्हणजे बरं.”

वाल्मिकने देवाचं नाव घेऊन अण्णांचा नंबर दिला. अण्णा खोटं बोलणारे नव्हते. “माल चोख, माणूसबी चोख,” त्यांनी सांगितलं. “पण त्याचा आमचा संबंध नाही, बाई. त्यानेच लेखी दिलंय.” लीलाबाई दुसऱ्या क्रमांकाच्या दुकानात गेल्या. सराई संपली आणि गाळा गेला.

तुम्ही म्हणाल, लीलाबाई शहाण्या, माणसाला विचारून मगच पाऊल टाकलं. हो तर! त्या दुसऱ्या दुकानाबद्दलही त्यांनी माणसालाच विचारलं होतं, शेजारच्या पल्लवीला. पल्लवी “थांबा हं, सांगते” म्हणून आत गेली, आणि तिने फोन काढला. हसू नका. परवा शेजाऱ्यांनी तुम्हाला चांगला डॉक्टर विचारला, तेव्हा तुम्ही आत जाऊन काय केलंत?