काकडे भाऊसाहेबांची बटणं

डबा धुवून जागेवर आले आणि बघते तर माझ्या कॉम्प्युटरवरचा बोल्ड गायब! तो अक्षर ठळक करणारा जाडजूड 'B', जो इतकी वर्षं वरच्या पट्टीत मुकाट बसलेला असायचा, तो नाही. अक्षर लाल करायचं बटण, तेही नाही. त्यांच्या जागी टेबल, नवं पान आणि प्रिंट अशी तिघं एकमेकांना खेटून बसलेली. मी तिथूनच ओरडले, "माझ्या मशिनला हात कोणी लावला?"

पलीकडच्या टेबलावरून थंड आवाज आला, "मॅडम, तुम्ही लई बोल्ड करता. नोटीस वाचताना पोरं दचकतात."

हे आमचे काकडे भाऊसाहेब. औरंगपुऱ्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात ते वरिष्ठ लिपिक, मी आस्थापनेला. पगार त्यांना पत्रं टाइप करायचा मिळतो, पण जीव रमतो तो दुसऱ्यांचे टूलबार लावून देण्यात. वर्ड उघडलं की वर बटणांची जी पट्टी दिसते ना, ती टूलबार. ती आपल्या सोयीनं मांडून घेता येते. पण कोण मांडतं? भाड्याच्या घरात खिळा ठोकायला माणूस बिचकतो, तसे आपण तिला कधी हात लावत नाही. भाऊसाहेबांना हे बघवत नाही.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी 'माप' घ्यायचं. म्हणजे खुर्ची ओढून तुमच्या मागं बसायचं, बशीत चहा ओतायचा आणि फुरके मारत तुमच्या हाताकडं बघत राहायचं. पहिल्यांदा माझं माप घेतलं तेव्हा मी वैतागून विचारलं, "काय बघू राहिले?"

"हात. लई वणवण करतोय बिचारा. एक टेबल टाकायला तुम्ही कुठल्या कुठं जाता. औरंगपुऱ्यातून शेजारच्या पैठण गेटला जायला कोणी पार बाहेरगावच्या बिडकीनवरून जातं का?"

मी खुर्ची सोडून त्यांना जागा करून दिली.

बरं, लागणारी बटणं जवळ आणून ठेवण्यावर हा माणूस थांबत नाही. आपल्याला न शोभणारी बटणं तो काढूनही घेतो. हिशेब बघणाऱ्या शाहीनचं अंडरलाइन असंच गेलं. ती बिचारी रडकुंडीला आली, "भाऊसाहेब, मेरा अंडरलाइन किधर गया?" तर म्हणाले, "तुला गरज नाय बेटा. तू लिहिलं म्हणजे पक्कंच असतं." ती लाजून परत हिशेबाला लागली. मी असते तर सोडलं नसतं.

संस्थेच्या सचिवसाहेबांना वर्डआर्टचा भारी नाद. साधं परिपत्रक असलं तरी मथळा कमानीसारखा वाकवलेला, वरून सप्तरंगी. भाऊसाहेबांनी एक दिवस साहेबांचा लॅपटॉप 'साफ करायला' म्हणून घेतला आणि वर्डआर्ट कुठं दडवलं ते देवाला ठाऊक. साहेबांनी विचारलं तर चेहरा सरळ ठेवून सांगितलं, "बंद झालंय साहेब. वरूनच." सरकारी पैशावर चालणाऱ्या ऑफिसात 'वरूनच' म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि तेव्हापासून आमची परिपत्रकं सरळ झाली.

त्यांचं खरं कौतुकाचं बाळ म्हणजे वाक्यांची बटणं. एक बटण दाबलं की 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की' हे अख्खं वाक्य कागदावर उमटतं. सगळ्या ऑफिसाला त्यांनी हे बटण बसवून दिलं आणि सगळ्या ऑफिसाला त्याची चटक लागली. एका जुन्या शिक्षकांच्या घरी आमच्याकडून शोकसंदेश गेला, तोही 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की आम्हास अतीव दुःख झाले आहे' असा. बटण कोणी दाबलं ते मी सांगणार नाही. साहेबांनी सही केली होती, एवढंच सांगते.

तर असा हा माणूस. आणि या माणसाची बायको मंगलवहिनी. माहेर सिल्लोडकडचं, आवाज असा की ऑफिसातल्या फोनवर बोलल्या तरी झेरॉक्सवाल्यापर्यंत ऐकू जावं. "अवो, गॅसवर दूध ठेवून गेलात, ते काय तुमचा साहेब उतरवणार?" भाऊसाहेब फोन कानापासून वीतभर लांब धरायचे आणि दुसऱ्या हातानं टाइप करत राहायचे. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो.

मागच्या वर्षी वहिनींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उजवी बाजू हळूहळू थोडी हलायला लागली, पण शब्द काही फुटेना. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी भाऊसाहेबांना स्पष्ट सांगितलं : त्यांना काहीतरी सांगावंसं वाटलं पाहिजे. तीच इच्छा मेली तर मग माझ्या हातात काही नाही.

आता बोलायचं नाही तर बटण तरी दाबता येईल, म्हणून भाऊसाहेबांनी घरच्या लॅपटॉपवर वहिनींसाठी पट्टी लावली. पाणी, औषध, पंखा, दुखतंय. बटण दाबलं की पडद्यावर मोठ्या अक्षरात वाक्य. माउस डाव्या हाताला. दोन दिवसांनी मी विचारलं, जमतंय का? तर मान खाली घालून म्हणाले, "बघतसुद्धा नाय तिकडं. भिंतीकडं तोंड करून पडती. माझं माप चुकलं मॅडम." मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांनी कोणाच्याच मागं खुर्ची ओढली नाही.

आणि मग पुढच्या आठवड्यात हा माणूस सरळ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणतो कसा, "मॅडम, एक विचारू? मिस्टरांवर तापता तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणता?"

माझं डोकंच सणकलं. "तुम्हाला काऊन पाहिजेत आमच्या घरातल्या गोष्टी? डोकं घरी ठेवून आलात का?"

"हां!" म्हणाले आणि खूश होऊन निघून गेले. चक्क खूश! शाहीनलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "मैं तो कुछ नहीं बोलती, बस देखती हूँ." भाऊसाहेब हळहळले. "बघण्याचं बटण होत नाय बेटा."

घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, काळजीपायी माणसाचं डोकं फिरलं. नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला, "मला विचारायचं ना त्यांनी. मी पाठ म्हणून दाखवलं असतं."

शेवटी एका रविवारी सकाळी मी आणि शाहीन त्यांच्या सिडकोतल्या घरी गेलो. वहिनी पलंगावर उशांना टेकून बसलेल्या. चेहरा उतरलेला, डोळे मात्र आमच्याकडं. पुढं छोट्या टेबलावर लॅपटॉप. मी वाकून बघितलं. पाणी नाही, औषध नाही, पंखा नाही. त्यांच्या जागी ठळक अक्षरात भलतीच बटणं : 'ध्यान कुठंय', 'किती पसारा', 'नुसते बसून राहता', 'पुन्हा विसरले', अशी रांगच्या रांग. आणि त्यांत एक, 'डोकं घरी ठेवून आलात का'.

"ते तुमचं," भाऊसाहेब ओशाळून म्हणाले. "लई आवडलं तिला."

मी भाऊसाहेबांकडं वळले. "अहो, पण हे..."

"मी पुन्हा माप घेतलं मॅडम. तिच्याशेजारी बसलो दिवसभर. हिनं जन्मात मला कधी पाणी मागितलं नाय, स्वतःच उठून घ्यायची. मला बोलायची फक्त. मी टॉवेल पलंगावर टाकला तर हिचा डावा हात रागानं हलला. चांगला हात, पण त्याच्याआधी आठवडाभर हलवलाच नव्हता तिनं." त्यांनी वहिनींची उशी सरळ केली. "मग म्हटलं तीच बटणं करावी. पण बसलो करायला, तर शब्द आठवंनात. तीस-पस्तीस वर्षं ऐकतोय, पण नेमकं काय म्हणायची, कसं म्हणायची, नायच आठवत. मी ऐकत होतो कुठं? फोन लांब धरायचो. म्हणून तुम्हाला विचारत होतो."

शाहीननं माझा दंड घट्ट धरला. माझे डोळे भरून आले आणि मला ते लपवता आले नाहीत.

तेवढ्यात टक् असा आवाज झाला. वहिनींचा डावा हात माउसवर होता. पडद्यावर भली मोठी अक्षरं उमटली : 'बाया दारात आल्या, अन् चहाचं सुचतं का नाय?'

भाऊसाहेब धडपडत उठले आणि आत पळाले. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. टक्. 'हळू.' टक्. 'साखर बघून टाका.' टक्, टक्. 'हळू. हळू.' वहिनींची मान थरथरत होती, पण बोट थांबत नव्हतं. ओठांचा एक कोपरा वर गेला होता.

मी मोठ्यानं वाचून दाखवत होते, आणि स्वयंपाकघरातून भाऊसाहेबांचा आवाज आला, "अगं आलो, आलो! किती बोलशील!"