बाराची जुडी

आमचे मांडवकर गुरुजी कोणाला वय विचारत नाहीत. दशकं किती आणि सुटे किती, असं विचारतात. वाडीत नवा जावई आला की त्याला पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी "दोन दशकं, आठ सुटे" असं काहीतरी सांगावं लागतं. मी सात दशकं, एक सुटा. माझी बायको गेली तेव्हा गुरुजी भेटायला आले, मान खाली घालून बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच साधं विचारलं, "वहिनी किती वर्षांच्या होत्या?" मी म्हटलं, "सहासष्ट." तर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे दोन्हीकडे सहाच, पण डावीकडचा सहा साठ..." आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. मला त्या तेरा दिवसांत तेवढंच एकदा हसू आलं. खोटं कशाला बोलू.

शाळा आमच्या वाडीचीच, मिरजोळ्याच्या पुढे उघड्या कातळाच्या सड्यावर. दोन खोल्या, एक पडवी, मागे स्वयंपाकाची शेड. पहिली ते चौथी चार वर्ग आणि गुरुजी एकटे. शाळेची खिचडी माझी बायको करायची. चौदा वर्षं केली. ती गेल्यावर मी दार लावून घरात बसायला लागलो. दोन-तीन आठवडे गेले असतील, मग गुरुजी दगडी गडग्यापलीकडून हाका मारायला लागले, "तात्या, मुलं उपाशी आहेत हो!" रोज दुपारी एकच्या ठोक्याला. शेवटी वैतागून गेलो. बघतो तर शेजारची वनिता खिचडी करून मोकळी झालेली आणि मुलं जेवून ताटं धुतायत.

"खोटं बोललात," मी म्हटलं.

"उद्याची उपाशी आहेत," गुरुजी म्हणाले.

तेव्हापासून मी तिथे आहे. माझं स्वतःचं शिक्षण चौथी, तीही ढकलत. त्यामुळे शेडमधून गुरुजींचं शिकवणं कानावर पडतं ते मला नवंच असतं.

गुरुजींचा जीव कायम टांगणीला. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, मग फाटकापर्यंत जाऊन परत येणार. शाळेचा पट दहा. दहाच्या खाली गेला की शाळा बंद करून मुलं लांबच्या शाळेत घालणार, अशी हवा दोन वर्षं होती. कोणी कागद दाखवला नव्हता, पण घाबरायला गुरुजींना कागद लागतोच कशाला! प्रार्थनेला मुलं मोजायची, मधल्या सुट्टीनंतर मोजायची, खिचडीला पंगत बसली की पुन्हा.

"दहा आहेत ना, तात्या?"

"मघाशी दहा होती. मध्ये कोणी खाल्ली नाहीत त्यांना."

"चेष्टा नको. नऊ आणि दहा म्हणजे तुम्हाला एकाचा फरक वाटतो. दशकाचं घरच रिकामं होतं!"

हे घर म्हणजे गुरुजींचं वेड. पडवीच्या लादीवर खडूने तीन घरं काढलेली असायची. उजवीकडे एककाचं, मध्ये दशकाचं, डावीकडे शतकाचं. पाचाची पाटी गळ्यात घालून पोर एककाच्या घरात उभं राहिलं तर पाच. तेच पोर एक पाऊल डावीकडे सरकलं की पन्नास. "आधी घर बघ, मग आकडा!" हे दिवसातून शंभरदा. एसटीची वाट बघताना समोरून गाड्या गेल्या की त्यांचे नंबर घेऊन कोण मोठं ते ठरवत बसणार. त्या नादात एसटी दोनदा तरी डोळ्यांदेखत निघून गेली. बाजारात मासेवालीला म्हणाले, "दहाचा वाटा करा." ती म्हणाली, "गुरुजी, माझ्या वाट्यात सात बांगडे. तुमचं दशक तुमच्या घरी जाऊन पुरं करा."

एकदा मला बोलावलं. एकशेपाच शिकवायचं होतं. एकाची पाटी घेऊन एक पोर शतकाच्या घरात, पाचाची घेऊन एक एककाच्या घरात. मधल्या घरात शून्य पाहिजे, आणि शून्य व्हायला एक पोर तयार नाही. गुरुजी म्हणाले, "तात्या, तुम्ही उभे राहा." आयुष्यात मला पुष्कळांनी शून्य म्हटलं, पण घर देऊन उभं करणारे हे पहिलेच. उभा राहिलो. तेवढ्यात खिचडी खाली लागल्याचा वास आला म्हणून धावलो, तर मागून गुरुजी किंचाळले, "तात्या, जागा सोडू नका! एकशेपाचचे पंधरा झाले!" मी परत आलो. पंधराचे एकशेपाच झाले आणि त्या दिवशी दहाही पोरांनी करपलेली खिचडी खाल्ली.

जुड्या बांधायला काड्या म्हणजे माडाचे हीर. माझ्या खराट्यातून उपसायचे. दहाची एक जुडी झाली की तिला केळीच्या वाळक्या सोपाने बांधायचं, ते दशक. माझा खराटा वर्षभर टकलाच.

आता समीक्षाचं सांगतो. तिसरीतली पोरगी, अबोल. तिचा बाप संतोष आंब्याच्या बागा कराराने घेतो. गेल्या चैत्रात तो मोटारसायकल लावून पडवीत आला.

"गुरुजी, जूनपासून वाडीत इंग्रजी शाळेची व्हॅन येणार. पोरीला घाल, पोरीला घाल, सगळे मागे लागलेत. मी म्हटलं आधी बघतो. इथे शिकत असेल तर कशाला हलवू? सोमवारी येतो. माझ्यासमोर विचारा तिला."

गुरुजींनी मान हलवली. संतोष गेल्यावर माझ्याकडे वळले तेव्हा चेहरा पांढराफटक. "तात्या, दहातली एक गेली तर..." मी म्हटलं, "मला येतं ते. नऊ." माझं बोलणं असंच. नंतर वाईट वाटलं.

रविवारी ते माझ्या घरी दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा हीर न्यायला, दुसऱ्यांदा नेलेले हीर पुरतील का हे विचारायला.

सोमवारी संतोष खुर्चीवर बसला, समीक्षा समोर उभी. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं अठ्ठ्याण्णव आणि एकशेदोन. "कोण मोठं?"

"एकशेदोन."

"का गं? इकडे तर नऊ आणि आठ आहेत, चांगले धष्टपुष्ट."

"पण त्याची दोनच घरं. ह्याची तीन."

संतोष हसला. मी शेडच्या दारातून बघत होतो, मला वाटलं जमलं. पण संतोष म्हणाला, "फळ्यावरचं पाठ असतं. हातात करून दाखव, गो."

गुरुजी म्हणाले, "समीक्षा, तीन दशकं बांध."

पोरगी खाली बसली. हात भराभर चालले तिचे. तीन जुड्या बांधून तिने बापापुढे ठेवल्या. संतोषने एक सोडली आणि मोजली. बारा. दुसरी, बारा. तिसरी, बारा.

"गुरुजी, हे तीस?"

गुरुजींच्या हातातला खडू पडला. वर्षभर ही पोरगी दहाची जुडी बांधत होती, मी स्वतः पाहिलेली. गुरुजी "आधी घर" एवढं म्हणाले आणि अडकले. समीक्षाचे डोळे भरले.

मला राहवलं नाही. हातातला झारा घेऊन तसाच पुढे गेलो. "संतोष, मेल्या, पंधरा दिवस रोज संध्याकाळी तिला पेट्या भरायला बसवतोस ना? आंबा काय दहा-दहा मोजतोस? डझनावर मोजतोस. तुला समोर बघितल्यावर तिचा हात डझनावर नाही जाणार तर कुठे जाणार?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. धोतर नाही, पँट घालतात, तरी धोतर सावरल्यासारखं करून लादीवर तिच्याशेजारी मांडी घातली.

"ह्या किती झाल्या, समीक्षा?" अगदी हळू आवाज.

"तीन डझन."

"बरोबर मोजल्यास. बागेत अशाच बांधायच्या. आता आपल्या दशकाच्या घरात दहापेक्षा जास्त मावत नाहीत. जे मावत नाहीत त्यांना बाहेर काढ बघू."

तिने पहिल्या जुडीतून दोन हीर काढले. दुसरीतून दोन, तिसरीतून दोन. ते मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. बाकीची पोरं पण मान वर करून बघायला लागली.

"छत्तीस," ती म्हणाली. "तीन दशकं, सहा सुटे. गुरुजी, तीन डझन म्हणजे छत्तीस!" आणि कोणी काही विचारायच्या आत पुढे, "मग पाच डझनी पेटी म्हणजे सहा दशकं! सुटा एकपण नाही!"

संतोष तोंड उघडं टाकून बसला. वीस वर्षं पेट्या भरतोय, त्याला हे कोणी असं सोडून दाखवलं नव्हतं. "अरे, हो की," एवढंच म्हणाला. गुरुजी उठले ते पडवीभर फिरले, मला म्हणाले, "तात्या, बघितलंत? हे मी शिकवलेलं नाही. हे तिचं तिने केलं!" त्या दिवशी मी खिचडीत दोन मुठी शेंगदाणे जास्त टाकले.

परीक्षा झाली, निकाल लागला, आणि संतोष दाखला मागायला आला.

"गुरुजी, पोरगी एवढी हुशार आहे मला ठाऊक नव्हतं. आता इथे ठेवली तर माझंच चुकेल. तुमचे उपकार आहेत."

मी त्याला एक शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही. गुरुजींनी कपाटातून दाखल्याचं पुस्तक काढलं, पेनाचं टोक कागदावर दोनदा घासून बघितलं, आणि सावकाश, सुंदर अक्षरात दाखला लिहिला. संतोष गेल्यावर म्हणाले, "तो चुकला नाही हो. बाप आहे."

चौथीची गेली तेवढीच पहिलीत आली, तरी जूनमध्ये शाळा उघडली ती नऊ पोरांवर. गुरुजी पंगतीत मुलं मोजेनासे झाले. चढावर कुठलीही मोटारसायकल वाजली की मात्र पडवीत येऊन उभे राहतात. शाळा बंद करायचा कागद घेऊन कोणी आलं असेल असं त्यांना वाटतं. अजून कोणी आलेलं नाही. म्हणून वाट बघणं संपतही नाही.

दुसऱ्याच आठवड्यात शनिवारी शाळा सुटल्यावर मला म्हणाले, "तात्या, येताय जरा?" रिक्षा केली. कुठे जायचं ते सांगेनात. उतरलो तर इंग्रजी शाळेचं फाटक. वॉचमन आत सोडेना. गुरुजी गजाला धरून उभे राहिले, त्याने कंटाळून तिसरीच्या, नव्हे, आता चौथीच्या बाईंना बाहेर बोलावलं. कोवळी पोरगी, नव्यानेच लागलेली.

"बाई, तुमच्या वर्गात समीक्षा आहे. ती कधीकधी बाराची जुडी बांधते. ते चूक आहे असं म्हणू नका. सोडून बघ म्हणा, तिचं तिला दिसतं."

"हो सर."

"काय सांगितलं मी? सांगा बघू."

त्या बिचारीने सांगितलं. आम्ही रिक्षापर्यंत आलो, गुरुजी परत फिरले. "बाई, वजाबाकी आली की तिच्या पोटात दुखतं. तिला घरी पाठवू नका, पाणी द्या. उदाहरण सुटलं की थांबतं." बाई हसल्या. आम्ही रिक्षात बसलो, रिक्षावाल्याने गाडी सुरू केली, आणि गुरुजी पुन्हा उतरले. बाई आत निघाल्या होत्या. एवढ्या मोठ्याने गुरुजींना हाक मारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"बाई! तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा. डावखुरी आहे. शेजारच्याला कोपर लागलं की ती लिहायचंच थांबवते."

तीन वर्षं मी त्या पोरीला रोज वाढलं. कुठल्या हाताने लिहिते, ते मी कधी बघितलं नव्हतं.